पोतदाराचा कानाडोळा

फार फार वर्षांपूर्वी, कवडीलाही काही किंमत होती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक पोतदार होता. पोतदार म्हणजे खजिन्यात येणारं नाणं पारखणारा माणूस. नाणं दगडावर टाकायचं, कान द्यायचा आणि सांगायचं, खरं की खोटं. चाळीस वर्षांत एकही खोटं नाणं त्याच्या कानातून सुटलं नाही, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचाही. चांगल्या कानाला बोलकं तोंड जोडलेलं असतं, त्याला कोण काय करणार!

त्या राज्यातली माणसं उधळी होती. जत्रा आली की घरात होतं नव्हतं ते रेवड्यांत आणि पाळण्यांत घालवायची. राणीला त्याची काळजी वाटे. तिने म्हाताऱ्या पोतदाराला बोलावलं.

"पोतदार, मोठी माणसं आता ऐकायची नाहीत. तुम्ही पोरांना शिकवा. पाडव्याला मी शाळेत येईन."

पोतदाराने कुंभाराकडून तीस गल्ले आणले आणि शाळेतल्या तीस मुलांना एकेक दिला. "यात पैसा टाकत जा," तो म्हणाला. "थेंबे थेंबे तळे साचे."

मागून एक मुलगी उठली. तिचं नाव आवडी. तिची आई टोपल्या विणून विकायची.

"आजोबा, पैसा उरलाच नाही तर काय टाकायचं?"

मुलं हसली. पोतदारही हसला. "मनात असलं की उरतो," तो म्हणाला आणि पुढे गेला. प्रश्न मात्र तिथेच राहिला.

दर बाजाराच्या दिवशी पोतदार एकेक गल्ला कानाशी धरून सगळ्यांसमोर हलवायचा. ज्याचा गल्ला जास्त वाजेल, तो पहिल्या बस्करावर. ज्याचा वाजणार नाही, तो दाराशी, चपला काढतात तिथे. आवडीचा गल्ला कधीच वाजला नाही. ती दाराशी बसायची आणि पोरं तिला 'मुकी' म्हणून चिडवायची.

मग जत्रा झाली, आणि गल्ल्यांतले पैसेही काडीने बाहेर निघून रेवड्यांत गेले. जत्रेनंतरच्या बाजाराला कुणाच्या घरात दमडी नसणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी एक आवडी सोडली तर सगळ्यांचे गल्ले आधीपेक्षा जास्त वाजले!

पोतदाराने गोंदा नावाच्या मुलाचा गल्ला कानाशी धरला आणि त्याचा हात थबकला. तांबं खणखणतं. हे खुळखुळत होतं. आत चिंचोके होते.

त्याने गोंदाकडे पाहिलं. पोराची मान खाली होती आणि कान लालबुंद झाले होते. त्याला जवळ घेऊन दोन शब्द विचारले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आदल्याच दिवशी राजवाड्यातून निरोप आला होता, की तीसपैकी एकोणतीस गल्ले वाजतात हे ऐकून राणीसाहेब फार खूश आहेत, आणि पाडव्याला पोतदारासाठी शाल काढून ठेवली आहे.

"शाब्बास!" पोतदार म्हणाला. "पहिल्या बस्करावर बस."

चाळीस वर्षांत ज्याने एकाही नाण्याकडे कानाडोळा केला नव्हता, त्याने त्या दिवशी गल्लाभर चिंचोक्यांकडे केला. पुढच्या बाजाराला चिंचोके वाढले, त्यांत खापऱ्या आल्या, खडे आले. पोतदार आता गल्ला कानापासून लांब धरून हलवू लागला, आणि पोरांच्या डोळ्यांत बघायचं टाळू लागला.

पाडवा आला. राणी आली, मुलांचे आईबाप आले. अंगणात गल्ले फुटले आणि सगळीकडे चिंचोकेच चिंचोके झाले. मधून मधून एखादी दमडी चमकत होती, तेवढीच.

आवडीचा गल्ला फोडला, तर त्यात काहीच नव्हतं.

"बाळ, तू चिंचोकेसुद्धा नाही टाकलेस?" राणीने विचारलं.

"नाही. आईला दर बाजाराला टोपल्यांचे पाच पैसे मिळतात. तीन धान्याला, एक तेलमिठाला, एक बांबूला. बांबू नाही घेतला तर पुढच्या बाजाराला टोपली कशाची विणणार? उरलं नाही, म्हणून टाकलं नाही."

पोतदाराच्या आता ध्यानात आलं. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्यातला कोणता मोडायचा नसतो, हे सगळ्या शाळेत या एका मुलीला ठाऊक होतं. आणि तिला त्याने चपलांत बसवलं होतं.

तेवढ्यात राणीचा कारभारी गरजला, "राणीसाहेबांना फसवता? पहिला चिंचोका कुणी टाकला? पुढे या!"

गोंदा रडू लागला. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. पोतदार गप्प बसला असता तर त्याचं नाव राहिलं असतं. म्हातारा कान फसला, एवढंच लोक म्हणाले असते. हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"पोराला काही बोलू नका," तो पुढे होऊन म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. पहिल्याच दिवशी. शालीच्या लोभापायी मी खोट्याला खरं म्हटलं. पोरांनी चिंचोके टाकले ते माझ्या भीतीने. दाराशी बसायची लाज मीच त्यांना लावली."

सगळं गाव बघत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण धरणी अशी वेळेवर कधी पोटात घेते का?

राणीने शाल परत पेटीत ठेवायला सांगितली. शिक्षा काही केली नाही. "तुमचा कान अजून शाबूत आहे, पोतदार," एवढंच ती म्हणाली. त्याला ते फटक्यापेक्षा जास्त लागलं.

पोतदार गुडघ्यांवर बसून चिंचोके वेचू लागला. थोड्या वेळाने गोंदा येऊन शेजारी बसला आणि तोही वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी पोतदार शाळेत आला आणि स्वतः दाराशी, चपला काढतात तिथे बसला.

"आवडी," तो म्हणाला, "तुझा प्रश्न पुन्हा विचार बाळ. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही."

"पैसा उरलाच नाही तर काय टाकायचं, आजोबा?"

"काही नाही टाकायचं. 'उरला नाही' म्हणायचं, ताठ मानेने म्हणायचं. आणि मग का उरला नाही, ते आपण सगळे मिळून बघायचं. आज तू सांग, आम्ही ऐकतो."

आवडी पाच पैशांची गोष्ट सांगू लागली. त्या दिवसापासून त्या शाळेत गल्ले होते, पण पुन्हा कुणी ते वाजवून पाहिले नाहीत.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: रिकाम्या हाताची लाज वाटायला लावली, की मूल बचत शिकत नाही, खोटं शिकतं.