शेजारणीची साखर

डॉक्टरांनी कर्करोग हा शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पोटातल्या एका पेशीत साखर फोडणारी कातरबाई राहायची. शहाणी माणसं तिला विकर, म्हणजे एन्झाइम म्हणतात. फोडलेली साखर ती भट्टीमावशीला द्यायची आणि मावशी ती जाळून घर चालवायची. घरापुरतं झालं, की मावशी हाक द्यायची, "पुरे गं!" मग कातरबाईला हात आवरावाच लागे.

शेजारच्या पेशीत मात्र साखरेच्या राशी येऊन पडत. तिथली भट्टी गप्प होती, तिथली कातरबाई थांबत नव्हती आणि घर रोज फुगत होतं. ते पाहून आपल्या कातरबाईचा नुसता जळफळाट व्हायचा.

"काय तो थाट! आणि मला मेलीला उठता बसता पुरे!"

एके दिवशी मधली भिंत विरघळून पडली. पलीकडे फोडून टाकलेली साखर आंबून वाहत होती. त्या आंबट चिखलात शेजारीण उभी होती. हात सोलवटले होते, तरी फोडणं चालूच होतं.

हिला पाहून तिचे डोळे भरून आले.

"किती दिवस तुझा हेवा करतेय गं मी," ती म्हणाली. "तुला पुरे म्हणणारं कुणीतरी आहे."