हौसाक्कांचं मोठं पातेलं

हौसाक्कांच्या खानावळीत, भरल्या पंगतीत सभापती दौलतराव कडाडले, “आक्का, हा रस्सा की भांडी धुतलेलं पाणी? माणसं खातील का हे?”

गिऱ्हाइकांचे घास हातातच थांबले. एरवी हौसाक्का भांडल्या असत्या. आज त्यांनी हात जोडले.

“चुकलं, साहेब. बरं झालं वेळेत सांगितलंत.” मग त्यांनी आत हाक मारली, “शेवंते, चुलीवरचं मोठं पातेलं गटारात ओत गं!”

“सगळं कशाला?” दौलतराव म्हणाले.

“तोच रस्सा हाय, साहेब. संध्याकाळी तुमच्या लेकीला बघायला पाहुणे यायचेत, त्यांच्यासाठी तुमच्याच घरी जायचा होता. पाहुण्यांना असलं कसं वाढायचं?”

दौलतराव उष्ट्या हातानंच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले.

“मला अजून एक वाटी वाढा,” ते म्हणाले.