ठमीचा मणी आणि वेलीची भुरी

एक होती मुंगी. एवढीश्शी! नाव ठमी, पण ठसका केवढा!

ठमी राहायची गुणाकाकीच्या बागेत. लहानशी द्राक्षबाग. वेलीने ठमीला एक मणी कबूल केला होता. गोड गोड द्राक्षाचा मणी.

एके सकाळी ठमी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर काय, पानांवर पांढरं पांढरं!

"अय्या, साखर!"

ठमीने चाटलं. थू थू थू! कसली साखर न् कसलं काय!

"वेलीबाई, वेलीबाई, माझा मणी दे ना!"

वेल म्हणाली, "साखर नव्हे गं, ही भुरी. मला भुरीचा रोग झालाय. आधी वारा लागू दे, मग मणी देईन."

ठमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वारोबा, वारोबा, ये ना! वेल मणी देईना!"

वारा म्हणाला, "सूं सूं! केवढी ही पानांची गर्दी! शिरू कुठून? आधी काकीला पानं छाटू दे, मग येईन."

ठमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"काकी, काकी, छाट ना! वारा येईना, वेल मणी देईना!"

काकी म्हणाली, "अगं माझे बाई, मलाही तीच काळजी! घड गेले तर बाजारात नेऊ काय? वर्षभर खाऊ काय? पण कात्री झाली बोथट. आधी दगडाकडून धार लावून घेऊ दे, मग छाटीन."

ठमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"दगडोबा, दगडोबा, धार लाव ना! काकी छाटेना, वारा येईना, वेल मणी देईना!"

दगड म्हणाला, "मी खडखडीत कोरडा! शेजारी पाण्याची वाटी आहे. आधी कोंबडीला पाणी सांडू दे, मग धार लावीन."

आता कोंबडी मुंग्याही टिपते बरं का! पण ठमी घाबरते थोडीच? निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पाणी सांड ना! दगड धार लावीना, काकी छाटेना, वारा येईना, वेल मणी देईना!"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! आधी मला दाणा, मग सांडीन."

ठमीकडे होता एकच दाणा. बाजरीचा. रात्रीच्या जेवणाचा. पोटात तर कावळे ओरडत होते! देऊ की नको? पण वेल आजारी, काकी काळजीत. ठमीला राहवेना. तिने दाणा ओढत आणला, हुश्श हुश्श.

"घे बाई, खा!"

कोंबडीने दाणा टिपला, टुक! वाटी लवंडली, भळ्ळ! दगड भिजला. कात्रीला धार लागली, खर्र खर्र! काकीने भुरीची पानं छाटली, कचकच कचकच! वारा शिरला, सूं सूं! मागोमाग ऊनही आलं. भुरी पळाली. वेल हसली.

मणी फुगले. टपोरे झाले. गोड झाले. काकीने घड तोडले, पेट्या भरल्या.

तेवढ्यात वेलीने एक मणी सोडला, टप्प! अगदी ठमीपुढे.

काकी ओरडली, "कुणी उचलू नका हं! तो आमच्या ठमीचा!"

मणी केवढा, ठमी केवढी! तिने चावा घेतला, चुर्र! रस नाकावर, रस पायांवर. ठमी खातच राहिली.

पेट्या गेल्या बाजाराला, ठमी गेली बिळात, आणि तुम्ही शिरा गोधडीत!