राजाचं तळं कुणी पळवलं?

“माझं तळं कुठं गेलं?” राजे धवलसेन होडीत बसल्या बसल्या गरजले.

होडी कोरी करकरीत, मोराच्या आकाराची. सुतारानं ती हिवाळाभर घडवली नि ऐन वैशाखात माळावरच्या तळ्यात आणून ठेवली. तोवर तळं पार आटलं होतं! दोन सेवक वल्ही मारत होते, नुसती धूळ उडत होती. राजे फटाफट शिंकत होते.

तळ्याचा राखणदार येसू पुढं आला. “महाराज, हे तळं पावसाळ्यात येतं नि उन्हाळ्यात जातं.”

“जातं? मला न विचारता? चोरी झालीय चोरी! उद्या दरबारात तळं हजर कर. नाहीतर तुझी गाढवावरून धिंड! आणि इथं भराव घालून मी घोड्यांचं मैदान करणार!”

येसू घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची बायको ठकूबाई म्हणाली, “एवढंच ना? आधी भाकरी खा. तळं मी नेते.”

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी नि कमरेवर घागर घेऊन दरबारात शिरली.

“तळं कुठाय?” राजे ओरडले.

“आणलंय की! एकदम उचलेना, म्हणून थोडंथोडं आणलं. ही घागर तुमच्याच विहिरीची. तळं जमिनीत मुरलं नि तुमच्या विहिरीत जाऊन बसलं. हे हरभरे तळ्याच्या ओल्या गाळात पिकले. काल यांचंच पिठलं खाल्लंत ना?”

“चार वाट्या!”

“तळंच खाल्लंत!”

“बोलण्यात पटाईत आहेस,” प्रधान फणकारले. “पण त्या मेलेल्या मातीत जिवंत काय उरलंय?”

ठकूबाईनं पाटीतलं वाळकं ढेकूळ प्रधानांपुढं ठेवलं नि त्यावर घागर ओतली. ढेकूळ विरघळलं. आतून दोन डोळे उघडले. टुण्णकन उडी मारून बेडूक थेट प्रधानांच्या पगडीवर!

“डर्रांव!”

“अगंबाई, झोपमोड झाली त्याची! असे शेकडो खाली निजलेत. भराव घातलात, तर पावसाळ्यात डास खायला कोण उठणार? प्रधानजी?”

दरबार खिदळला. राजे मात्र हट्टाला पेटले. “ते राहू दे! माझं तळं चोरलं कुणी? चोराचं नाव सांग!”

ठकूबाईनं राजांच्या सुटलेल्या पोटाकडं पाहिलं, पदर सावरला नि हात जोडले.

“महाराज, थोरामोठ्यांचं नाव घेऊ नये!”

राजांनी आधी पोटाकडं पाहिलं, मग इतके हसले, इतके हसले की सिंहासनावरून घसरले! भराव तिथंच रद्द झाला, येसूची राखणदारी कायम झाली आणि ठकूबाई एक दुभती म्हैस हाकत घरी गेली.