शांत घराचा जिना

राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी एका नगरात घरं बांधायची निराळी रीत होती. दहा-बारा कुटुंबं मिळून एकच मोठं घर उभं करत आणि आपापल्या दोन-दोन खोल्यांत राहत. खोल्या ज्याच्या त्याच्या; पण विहीर, अंगण, गच्ची आणि जिना सगळ्यांचा मिळून. खोल्या घेणाऱ्याला या सामाईक गोष्टींतला वाटाही आपोआप मिळायचा.

वेशीबाहेर नदीकाठच्या झोपडीत एक कासारीण राहत होती. तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती. दारातून निघालेली पोर थेट पाण्याकडे जायची, आणि गेल्या वर्षीच नदीनं त्यांच्या गोठ्याचा कोपरा ओढून नेला होता. तेव्हापासून कासारणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी थापताना एक डोळा तव्यावर, एक पोरीवर.

"नगरात खोल्या घेऊ या," ती नवऱ्याला म्हणाली.

"घेऊ की. पण गाय द्यावी लागेल," कासार म्हणाला. "आपल्याकडे दुसरं आहे काय? आणि एकदा दिली की परत मिळायची नाही. मी बांगड्या घेऊन गावोगाव हिंडणार, राहायचं तुला आहे. तूच बघ."

झालं! कासारणीच्या डोक्यात भुंगा शिरला. गाईच्या बदल्यात घ्यायचं, तर चूक होऊन कसं चालेल?

नगरात दोनच ठिकाणी खोल्या रिकाम्या होत्या. एक घर कुंभारआळीत. तिथं तळमजल्याच्या दोन अंधाऱ्या खोल्या एक म्हातारी कुंभारीण विकणार होती. कासारीण अंगणात पाऊल टाकते तोच कानावर आलं,

"पायरीचा दगड हलतोय म्हणून कालपासून ओरडतेय मी! कुणाचं डोकं फुटल्यावर बसवणार का?"

"मग बसव की तूच! मागच्या खेपेला गच्चीला चुना मीच लावला होता."

"लावला होतास? उपकार केलेस बाई!"

बाप रे, कासारीण मनात म्हणाली, इथं माझी पोर शिव्याच शिकायची. ती तशीच मागे फिरली.

दुसरं घर टेकडीवर. वरच्या मजल्यावरच्या खोल्या एका अत्तरवाल्याच्या. ऊन भरपूर, वारा खेळता, आणि शांतता अशी की उंबऱ्यावर मुंगी चालली तरी ऐकू यावी. जिन्याच्या वळणावर एक पायरी मात्र पार निखळली होती.

"इथं पाय लांब टाक हं," अत्तरवाला म्हणाला. "होते सवय. आमच्या घरी भांडण म्हणून नाही. कुणी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

कासारणीनं पाय लांब टाकला. एवढ्या वाऱ्यासाठी एक पायरी काय!

तरी मन ठरेना. ती पुन्हा आली, पुन्हा आली. भिंतींवर तळवे दाबून ओल बघितली, कोपरे हुंगले, जमिनीवर पाणी ओतून उतार बघितला.

"अगं, भिंतीला मुलगी द्यायची आहे का?" अत्तरवाला वैतागला. "किती पारखशील! उद्या हो म्हण, नाहीतर मी दुसरं गिऱ्हाईक बघतो."

दुसऱ्या दिवशी ती हो म्हणायला निघाली. पोर कडेवर होती. अत्तरवाला पुढे, ती मागे. वळणावर पोरीनं तिची नथ ओढली, आणि कासारणीचा पाय पोकळीत गेला.

ती पडली. पोर कडेवरून निसटली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन आदळली. पोरीच्या रडण्यानं सगळा जिना दणाणला, पण एकही माणूस बाहेर आलं नाही. एक दार किंचित उघडलं, तेही कडी नीट लागावी म्हणून.

कासारणीनं पोरीला छातीशी धरलं. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"सांगितलं होतं ना, पाय लांब टाक," वरून अत्तरवाला म्हणाला.

"ही पायरी तुम्ही बसवत का नाही?"

"मी? ती काय माझ्या खोलीत आहे?"

कासारीण पोरीला घेऊन जिना उतरली. घरची वाट कुंभारआळीतूनच जायची. अंगणात बायकांचं भांडण चालूच होतं. दोघी मात्र भांडता भांडता पायरीचा दगड उचलून बसवत होत्या. पोरीचं टेंगूळ दिसलं आणि सगळ्या हिच्यावरच तुटून पडल्या.

"अगं, हळद लावलीस का? नुसती काय हिंडतेस!"

"आण इकडे ती पोर. रडू नको गं माझी बाय."

"आणि तू बस आधी. पाणी पी. पांढरीफटक पडलीय बघा ही!"

पाणी पिता पिता कासारीण रडायला लागली. मग म्हाताऱ्या कुंभारणीकडे वळून म्हणाली, "आजी, गाय उद्या आणून बांधते."

अंधाऱ्या खोल्यांत तिला दिवसाही दिवा लावावा लागला, आणि गाईची आठवण पुष्कळ दिवस आली. पण कुणी जिना झाडायची पाळी चुकवली, की आळीभर ऐकू जाईल असा आवाज आता तिचाच असायचा.

टेकडीवरच्या घराची दुसरी पायरी निखळली, मग तिसरी. सगळे पाय आणखी लांब टाकत राहिले. एके दिवशी अर्धा जिनाच खाली आला. अत्तरवाला वर अडकून हाका मारत राहिला आणि खालच्या दारांच्या कड्या लागलेल्याच राहिल्या.

तात्पर्य : चारचौघांत घर घ्यायचं, तर आपल्या भिंती मागाहून बघाव्यात, सगळ्यांचं जे आहे ते कुणाला आपलं वाटतं का, ते आधी बघावं.