बुरुजावर बसलेली राजकन्या

एका राज्यात अशी रीत होती, की मुकुट घ्यायला निघालेल्या वारसाने वाटेत बसायचे नाही, टेकायचे नाही, कुणाचा हात धरायचा नाही. मुकुट होता उंच बुरुजाच्या माथ्यावर. आणि राजकन्या इंदुवतीला तर नुसते उठून उभे राहिले तरी भोवळ येई! महाल गरगर फिरे, पायाखालची जमीन नावेसारखी डुले. भ्रमकेतू मांत्रिकाचा शापच होता तसा. आज सूर्यास्तापर्यंत मुकुट तिच्या डोक्यावर चढला नाही, तर राज्य त्याचे आणि सारी प्रजा दगड!

दोनदा ती उपाशीपोटी, एका दमात धावत सुटली होती. दोनदा कोसळली होती. अंथरुणात पडल्या पडल्या तिला स्वतःची भारी लाज वाटत होती.

खिडकीसमोर एक घार घिरट्या घालत होती. इंदुवतीने विचारले, "पक्षिणी, तुला भोवळ कशी येत नाही?"

घार खिडकीत उतरून बोलू लागली, "राजकन्ये, तीन कामे कर. ताडकन उठू नकोस. आधी बस, मग उभी राहा. उपाशी-तहानलेली निघू नकोस. आणि जग फिरू लागले, की तिथेच बसून एका जागी नजर लाव."

"आणि रीत मोडली तर?"

"रीत नवी करता येते. मान मोडली तर?"

इंदुवती सावकाश उठून बसली. दूधभाकरी खाल्ली, पोटभर पाणी प्याली, मग निघाली. अर्ध्या बुरुजावर भिंती फिरू लागल्या! तिने भिंत धरली, खाली बसली आणि समोरच्या काळ्या दगडावर नजर रोवली. खाली जमलेली प्रजा हाय हाय करू लागली.

खालून भ्रमकेतू गरजला, "वारस बसली! राज्य माझे!"

"बसले आहे, मांत्रिका," इंदुवती म्हणाली. "पडले नाही."

शापाचे सगळे बळ पाडण्यात होते. बसलेलीला तो पाडणार कसा? शाप उलटला, आणि भ्रमकेतूच भोवऱ्यासारखा गरगरत सात समुद्रांपार गेला.

इंदुवती बुरुजावरच्या पहारेकऱ्याचा हात धरून उठली आणि सावकाश माथ्यावर पोहोचली. सूर्य बुडता बुडता मुकुट तिच्या डोक्यावर चढला. नगारे झडले!

दरबारात तिने पहिला हुकूम दिला, "ज्याला भोवळ येईल, त्याने खुशाल बसावे. राणीसमोरही."

तेव्हा म्हातारे प्रधानजी, जे कित्येक वर्षे खांबाआडून गुपचूप तोल सावरत होते, भर दरबारात खाली बसले आणि आनंदाने रडू लागले.