तिसरी धाव कुणाच्या नावावर?

फार पूर्वी, माणसाला साधा विटीदांडूही येत नव्हता, तेव्हा जंगलात सॉफ्टबॉल चालायचा. नियम कडक होता. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर तीन धावा लागल्या की तो संघाबाहेर. पण फील्डरच्या चुकीने आलेली धाव पिचरला लागत नसे. हे ठरवायचं काम स्कोअर लिहिणाऱ्या कासवाचं.

साळिंदर पिचर होतं आणि त्याच्या नावावर दोन धावा होत्या. माकडानं चेंडू असा हाणला की तो फील्डर बेडकाच्या हातावर सणकन आदळून सुटला. माकड मैदानातले सगळे बेस शिवून परत जागेवर, धाव पूर्ण!

साळिंदर काटे फुलवून कासवासमोर आलं. "ए म्हाताऱ्या, बेडकाची चूक लिही!"

कासवानं मान आत घेतली अन् आतूनच बोललं, "सोपा झेल सोडला असता तर लिहिली असती. हा कुणाला जमला असता?"

"मला!"

"मग उभं राहा बेडकाच्या जागी. धरलंस तर बेडकाची चूक."

साळिंदर ऐटीत उभं राहिलं. माकडानं तसाच फटका हाणला. चेंडू येताना दिसला आणि साळिंदरानं गर्रकन पाठ फिरवून डोळे मिटले. चेंडू काट्यांत खचकन रुतला.

कुणी हसलं नाही. हसणार कोण, काटे अजून उभे होते!

साळिंदर तसंच पाठमोरं राहून हळूच म्हणालं, "लिही माझ्या नावावर. आणि त्या बेडकाचा हात बघा रे कुणीतरी, सुजला असेल."